टोक गाठायचे की प्रकाश पाहायचा?

पत्राचा सारांश : बँकेतील नोकरीतून गेल्या वर्षी निवृत्त झालेल्या एका वाचक भगिनी येत्या डिसेंबरात पतीसह जर्मनीत मुलाकडे जाणार आहेत. तेथून पुढे नॉर्वेच्याही उत्तरेला, स्वालबार्ड द्वीपसमूहातील लाँगइयरब्येन या गावी चार दिवस जाऊन उत्तरध्रुवीय प्रकाश पाहावा, अशी त्यांची फार दिवसांची इच्छा आहे. ‘इतक्या लांब जायचेच, तर अगदी टोकापर्यंत जावे, जितके उत्तरेला जाऊ तितका तो प्रकाश चांगला दिसेल,’ असा त्यांचा हिशेब आहे. पतींचे वय 66 असून तीन वर्षांपूर्वी त्यांची अँजिओप्लास्टी झाली आहे. ‘या वयात बर्फात मरायला जायचे का?’ असे ते म्हणतात आणि फार तर उत्तर नॉर्वेतील ट्रॉम्सो शहरापर्यंत यायला तयार आहेत. धाकट्या दिरांच्या मते, ज्यांनी जानेवारीत लडाख पाहिला त्यांना कसली आली आहे थंडी! व्हिसाचे काम पाहणाऱ्या एजंटाने सांगितले आहे की, स्वालबार्डला व्हिसा लागतच नाही, त्यामुळे जर्मनीचा एकदाच प्रवेश देणारा व्हिसा पुरे. सहल कंपनीच्या तांड्याबरोबर फिरणे या भगिनींना रुचत नाही. गावाबाहेर आपले आपण पायी हिंडावे असा त्यांचा मानस आहे. त्या शाकाहारी आहेत. पतींचे ऐकून बेत सोडून द्यावा, की त्यांना मुलाकडे ठेवून एकटीनेच जावे, असे त्यांनी विचारले आहे.

सप्रेम नमस्कार.

बेत सोडावा की एकटीने जावे, हा तुमचा प्रश्न मी थोडा वेळ बाजूला ठेवते, कारण पत्र वाचताना मला त्याच्या आधीचा एक प्रश्न अनुत्तरित राहिलेला दिसला. तुम्हाला नक्की काय पाहायचे आहे? उत्तरध्रुवीय प्रकाश पाहायचा आहे, की जिथून पुढे फारशी माणसे राहतच नाहीत असे पृथ्वीचे टोक पाहायचे आहे? तुम्ही या दोन्ही इच्छा एकच मानून चालला आहात. त्या एक नाहीत. कोणती इच्छा धरायची यावरून महिना ठरतो, महिन्यावरून गाव ठरते आणि गावावरून व्हिसा, विमा, कपडे आणि तुमच्या पतींनी यायचे की नाही, हे सगळेच ठरते.

आधी प्रकाशाचे पाहू. सूर्याकडून येणारे विद्युतभारित कण पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या वाटेने वातावरणात उतरतात, तेव्हा हा प्रकाश उमटतो. पण ते कण नेमके ध्रुवावर उतरत नाहीत, तर चुंबकीय ध्रुवाभोवती कड्यासारख्या पसरलेल्या एका पट्ट्यात उतरतात. रात्रीच्या वेळी हे कडे साधारणपणे उत्तर नॉर्वेच्या माथ्यावरून जाते. ट्रॉम्सो त्याच्या बरोबर खाली येते, तर लाँगइयरब्येन 78 अंश उत्तरेला असल्यामुळे पुष्कळदा त्या कड्याच्या आत पडते आणि तिथल्या माणसाला प्रकाश दिसलाच तर दक्षिणेकडे, क्षितिजालगत, डोंगरांच्या आडून दिसतो. ‘जितके उत्तरेला, तितके चांगले’ हा हिशेब इथे चुकतो. लाँगइयरब्येनचे खरे वैशिष्ट्य निराळे आहे. हिवाळ्यात तिथे भर दुपारीही अंधार असल्यामुळे दिवसाच्या बाजूचा मंद, काहीसा तांबूस प्रकाश दिसू शकतो आणि त्याच्या अभ्यासासाठी गावाजवळच्या डोंगरावर वेधशाळाही आहे. अभ्यासकाला तो अनमोल आहे, परंतु छायाचित्रांत पाहिलेले हिरवे पडदे डोक्यावर लहरताना पाहायला निघालेल्या पाहुण्याचे त्याने समाधान होईलच असे नाही.

आता टोकाचे. लाँगइयरब्येनमध्ये साधारण 26 ऑक्टोबरला मावळलेला सूर्य 15 फेब्रुवारीच्या सुमारास क्षितिजावर येतो आणि नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत तर पुरेसा संधिप्रकाशही नसतो. ऐन डिसेंबरात दुपारचे बारा आणि रात्रीचे बारा यांत डोळ्यांना फरक कळत नाही. तुम्ही डिसेंबरात चार दिवस गेलात, तर स्वालबार्डचा निम्म्याहून अधिक भूभाग व्यापणाऱ्या हिमनद्या, सपाट माथ्याचे डोंगर आणि फ्योर्ड, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या खाड्या, तिथेच असतील, पण तुम्हाला दिसतील ते रस्त्यावरचे दिवे आणि त्यांच्या उजेडात उडणारा बर्फाचा भुगा. पंढरपूरला जाऊन कळसाचे दर्शनही न घेता परतण्यासारखे ते होईल. ज्यांना तो अंधारच अनुभवायचा असतो, असेही लोक असतात, आणि त्यांची गोष्ट वेगळी. त्यांनी निदान पौर्णिमेच्या आगेमागचे दिवस निवडावेत. तेव्हा चंद्र काही दिवस मावळतच नाही, आकाशात गोल फिरत राहतो आणि बर्फावर त्याचा इतका उजेड पडतो की डोंगर स्पष्ट दिसतात. (संकष्टीचा उपास तिथे कोणत्या चंद्रोदयाला सोडायचा, हे मात्र आपल्या पंचांगकर्त्यांनाच विचारावे लागेल.)

दिरांच्या लडाखच्या दाखल्याबद्दलही लिहायला हवे, कारण अनेक वाचक त्याच भरवशावर उत्तरेकडे निघतात. लेह सुमारे 3,500 मीटर उंचीवर आहे. तिथला त्रास मुख्यतः विरळ हवेचा. लाँगइयरब्येन समुद्रकाठी आहे, त्यामुळे तुमच्या पतींना तिथे निदान श्वासाची अडचण येणार नाही. शिवाय लडाखच्या हिवाळ्यात दिवसा ऊन असते, भिंतीला पाठ लावून बसले तर अंग शेकते. लाँगइयरब्येनच्या डिसेंबरात ऊन नाही आणि वारा आहे. नुसता पारा पाहू नका. उणे 15 अंश तापमानात ताशी 36 किलोमीटरचा वारा असेल, तर उघड्या कातडीला ते उणे 27 सारखे लागते, आणि वारा पडलेला असताना बर्फावर धावणाऱ्या स्नोमोबाइलवर त्या वेगाने गेलात तरी परिणाम तोच. याउलट, समुद्रातील उबदार प्रवाहामुळे स्वालबार्डचा पश्चिम किनारा त्या अक्षांशाच्या मानाने सौम्य आहे आणि अलीकडे ऐन हिवाळ्यातही मधूनच पाऊस पडतो. तो पाऊस जमिनीवर गोठला की सबंध गाव काचेसारखे होते. साठीच्या माणसाला तिथल्या पांढऱ्या अस्वलापेक्षा या काचेचे भय अधिक आहे. बुटांना खालून चढवायचे, लोखंडी खिळे असलेले रबरी पट्टे त्या भागात सहज विकत मिळतात. पोचल्यावर पहिली खरेदी ती करा.

तुमच्या पतींना वाटणारी भीती मी हसण्यावारी नेणार नाही, मात्र त्यांनी तिचे कारण चुकीचे धरले आहे असे मला वाटते. नीट कपडे घातलेल्या माणसाला थंडी सोसते. न सोसणारी गोष्ट म्हणजे दूरपण. लाँगइयरब्येनची वस्ती अडीच हजारांच्या आसपास, रुग्णालय लहान. प्राथमिक उपचार आणि स्थिर करण्यापुरती सोय तिथे आहे, पण हृदयविकाराचा गंभीर रुग्ण विमानाने ट्रॉम्सोच्या विद्यापीठ रुग्णालयात हलवावा लागतो, आणि हे अंतर सुमारे साडेनऊशे किलोमीटर आहे, म्हणजे नागपूरहून मुंबईला हलवण्यापेक्षाही जास्त, मध्ये उघडा समुद्र, आणि हवामान बिघडले तर विमान उडतही नाही. ‘स्वालबार्डमध्ये मरायला बंदी आहे’ असे एक वाक्य समाजमाध्यमांवर फिरत असते, तुमच्या पतींनीही ते वाचले असावे. तसा कायदा नाही. खरी गोष्ट एवढीच आहे की गोठलेल्या जमिनीमुळे तिथे शवपेट्यांचे दफन करत नाहीत, वृद्धांच्या देखभालीची व्यवस्था नाही आणि गरोदर स्त्रियाही प्रसूतीच्या काही आठवडे आधी मुख्य भूमीवर जातात. गाव धडधाकट माणसांसाठी चालवलेले आहे, हे ध्यानात घेऊन पाहुण्याने आपली तयारी करावी. तेव्हा वयाचा वाद घालत बसण्याऐवजी दोघांनी मिळून हृदयरोगतज्ज्ञांकडे जा आणि त्यांना ‘परदेश प्रवास चालेल का’ असे मोघम न विचारता ‘उणे 20 अंशांत, मोठ्या रुग्णालयापासून साडेनऊशे किलोमीटरवर चार दिवस राहणे चालेल का’ असे नेमके विचारा. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो आणि बर्फ तुडवत चालताना हृदयावर नेहमीपेक्षा अधिक भार येतो. डॉक्टरांना प्रश्न नेमका कळला, तर उत्तरही नेमके मिळेल.

याच संदर्भात विम्याकडे पाहा. शेंगेन व्हिसासाठी, म्हणजे युरोपातील बहुतेक देशांच्या सामाईक प्रवेशक्षेत्राच्या व्हिसासाठी, किमान 30,000 युरोंचे वैद्यकीय संरक्षण लागते आणि बहुतेक जण तेवढाच कागद जोडून मोकळे होतात. तुम्ही तीन गोष्टी विमा कंपनीला लेखी विचाराव्यात. अँजिओप्लास्टी अर्जात जाहीर केल्यावर आधीपासूनच्या आजारामुळे उद्भवलेला खर्च धरला जातो का. पॉलिसीत नुसते ‘शेंगेन देश’ असे लिहिले असेल, तर शेंगेनबाहेर असलेले स्वालबार्ड त्यात येते का. आणि स्नोमोबाइल, कुत्र्यांची गाडी, शोध व सुटका, रुग्णाला विमानाने हलवणे या बाबी वगळल्या तर नाहीत ना. आजार लपवून स्वस्तात काढलेला विमा नेमका गरजेच्या वेळी कामाला येत नाही, हे बँकेत आयुष्य काढलेल्या तुम्हाला मी वेगळे सांगायला नको.

व्हिसाचा मुद्दा मी मुद्दाम सविस्तर लिहिते, कारण एजंटाचे वाक्य अर्धे खरे आहे आणि अर्धे खरे असल्यामुळेच घातक आहे. 1920 साली पॅरिस येथे झालेल्या करारानुसार स्वालबार्डवर नॉर्वेचे सार्वभौमत्व आहे, परंतु करारातील सर्व देशांच्या नागरिकांना तिथे समान हक्क आहेत. भारतही, ब्रिटिश अमलाखालील का होईना, मूळ स्वाक्षरी करणाऱ्यांत होता. आज तिथे जायला कोणत्याच देशाच्या माणसाला व्हिसा लागत नाही. पण तिथे नेणारी नियमित विमाने ऑस्लो किंवा ट्रॉम्सोहून सुटतात, आणि ही शहरे शेंगेनमध्ये आहेत, स्वालबार्ड नाही. म्हणजे तुम्ही जर्मनीत उतरलात हा पहिला प्रवेश. ऑस्लोला पारपत्र तपासून लाँगइयरब्येनच्या विमानात बसलात की तुम्ही शेंगेनमधून बाहेर पडलात. चार दिवसांनी परत ऑस्लोला उतरलात की तो दुसरा प्रवेश. व्हिसाच्या चिकटपत्रावर प्रवेशसंख्येच्या चौकटीत 01 असेल, तर तो दुसरा प्रवेश तुमच्याजवळ नाही. मुलगा तुमच्याबरोबर आला असेल, तर तो जर्मनीच्या निवास परवान्यावर आत येईल आणि तुम्ही दोघे खिडकीपाशी उभे राहाल. त्यामुळे अर्जातच दोन किंवा अनेक प्रवेश मागा, सोबत लाँगइयरब्येनचे जाण्यायेण्याचे आरक्षण जोडा आणि पत्रात कारण स्पष्ट लिहा. युरोपातील तुमचा अधिक मुक्काम जर्मनीत असल्याने अर्ज जर्मनीकडेच करायचा आहे. तिथल्या अधिकाऱ्याला स्वालबार्डची भानगड ठाऊक असेलच असे धरून चालू नका. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. पारपत्र हाती आल्यावर आधी ती चौकट वाचा, मग पेढे वाटा.

सहल कंपनीबद्दल तुमची नापसंती मला समजते. झेंड्यामागे धावत स्थळे ‘करण्याचा’ मलाही कंटाळा आहे. परंतु स्वालबार्डमध्ये गावाबाहेर एकटे हिंडणे आणि महाबळेश्वरात विल्सन पॉइंटपर्यंत फिरून येणे यांत फरक आहे. गावाच्या वेशीवर लाल कडेच्या त्रिकोणात, काळ्या पार्श्वभूमीवर पांढरे अस्वल काढलेली पाटी आहे आणि तिच्याखाली नॉर्वेजियन भाषेत ‘संपूर्ण स्वालबार्डला लागू’ एवढेच लिहिलेले आहे. पाहुणे तिच्याजवळ छायाचित्र काढतात, तिच्यापुढे जात नाहीत. वस्तीबाहेर जाणाऱ्याजवळ अस्वलाला घाबरवून पळवण्याची योग्य साधने असणे बंधनकारक आहे आणि राज्यपालांचे कार्यालय बंदूकही बाळगावी असे सांगते. आयुष्यात कधी बंदूक न धरलेल्या दोन निवृत्त माणसांनी त्या फंदात पडू नये. सुदैवाने तिथे चार-सहा पाहुण्यांमागे एक वाटाड्या अशा लहान, दिवसभराच्या सफरी मिळतात. त्यात तांडाही नसतो आणि झेंडाही नसतो. आणखी एक सांगते. 1 जानेवारी 2025 पासून पांढऱ्या अस्वलापासून किमान 300 मीटर, आणि 1 मार्च ते 30 जून या काळात 500 मीटर अंतर ठेवण्याचा नियम आहे. त्यांचा माग काढणे किंवा त्यांना आमिष दाखवणे हा आधीपासूनच गुन्हा आहे. अस्वल जवळून दाखवण्याची हमी देणारा कोणी भेटला, तर त्याच्याकडून काहीच घेऊ नका.

मी तिथे काही वर्षांपूर्वी मार्चमध्ये गेले होते. गोठलेल्या फ्योर्डपाशी थांबलो असता छायाचित्र घेण्यासाठी मी उजव्या हाताचा मोजा दातांत धरून काढला, फोन उघडला आणि चाळीस टक्के भारित असलेला तो फोन डोळ्यांदेखत बंद पडला. पुन्हा मोजा घालेपर्यंत बोटे इतकी बधिर झाली होती की अंगठा त्याच्या जागी जाईना, आणि चष्म्याची धातूची काडी कानशिलाला चटका द्यावा तशी लागत होती. आमच्या वाटाड्या मुलीने काही न बोलता माझा हात स्वतःच्या कोटाच्या आत, काखेत धरून ठेवला. त्या अर्ध्या मिनिटात मी जे शिकले ते असे : हातात दोन मोजे हवेत, आत पातळ पाच बोटांचा आणि बाहेर चार बोटे एकत्र राहणारा जाड, फोन छातीजवळच्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवावा, चष्मा शक्यतो प्लास्टिकच्या चौकटीचा असावा. बाहेर पडताना कानांतली कुडी, नाकातली चमकी आणि पायांतली जोडवी काढून ठेवावीत, मंगळसूत्र आतल्या लोकरी कपड्याच्या वर येईल असे घालावे. धातू अंगाची ऊब ओढून घेतो. कॅमेरा आत आणण्यापूर्वी बाहेरच प्लास्टिकच्या पिशवीत बंद करावा, म्हणजे खोलीतील दमट हवेचे पाणी भिंगावर न धरता पिशवीवर धरते.

कपड्यांचे तीन थर लागतात हे तुम्ही वाचले असेलच. अंगालगत लोकर, मध्ये लोकर किंवा फ्लीस, बाहेर वारा अडवणारे. मी फक्त एवढेच आग्रहाने सांगेन की अंगालगत सुती काहीही नको, आपली बनियनही नको आणि सुती मोजेही नकोत, कारण सूत घाम शोषते आणि ओले राहते, आणि थांबल्याबरोबर तीच ओल अंगात शिरते. बूट एक माप मोठे घ्या. जाड मोज्यांमुळे पाऊल आवळले गेले की रक्तप्रवाह कमी होतो आणि बोटे आधी गारठतात. मात्र पुण्यामुंबईच्या दुकानांत जाऊन हजारो रुपयांचे ध्रुवीय पोशाख घेऊ नका. स्नोमोबाइलच्या आणि कुत्र्यांच्या गाडीच्या सफरींत सबंध अंगाचा जाड पोशाख, बूट, मोजे आणि शिरस्त्राण बहुधा तेच देतात. हवा कोरडी आहे. वर्षभराचा पाऊस आणि बर्फ मिळून तिथे सुमारे 200 मिलिमीटर पडतो, एवढा आपल्या कोकणात एका मुसळधार दिवसात पडू शकतो. तहान लागत नाही तरी पाणी पीत राहा, नळाचे चालते. औषधे हातातल्या सामानात, मूळ वेष्टनात आणि इंग्रजी चिठ्ठीसह ठेवा. ज्या वाचकांना इन्सुलिन घ्यावे लागते, त्यांनी ते गोठणार नाही असे अंगाजवळ बाळगावे.

जेवणाची काळजी फारशी करू नका. गावात सुसज्ज दुकान आहे, थायलंडहून आलेली बरीच कुटुंबे राहतात, त्यामुळे भात आणि भाज्या मिळतात. स्वयंपाकघर असलेली जागा घेतलीत तर प्रश्नच मिटला. पोहे, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, उपीट-पिठल्याचे भाजलेले कोरडे पीठ खुशाल न्या. तूप, पेढे, बर्फी, खवा यांतले काही मात्र पिशवीत नको, कारण युरोपाबाहेरून दूध आणि मांसाचे पदार्थ प्रवाशांनी आणायला जर्मनीतही बंदी आहे आणि नॉर्वेतही. मुलासाठी म्हणून बांधलेला डबा विमानतळावरच जाईल.

भारताचे ‘हिमाद्री’ संशोधन केंद्र पाहता येईल का, असेही तुम्ही पत्राच्या शेवटी सहज विचारले आहे. ते 2008 साली स्वालबार्डमधील न्यू-ओलेसुंद या दुसऱ्या वस्तीत सुरू झाले आणि त्याचा कारभार गोव्यात वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राकडून चालतो. लाँगइयरब्येनहून तिथे जाणारा रस्ता नाही, कारण स्वालबार्डमध्ये एका वस्तीतून दुसऱ्या वस्तीला जोडणारे रस्तेच नाहीत. उन्हाळ्यात काही बोटी तिथे थांबतात आणि इमारत बाहेरून पाहता येते. शास्त्रीय उपकरणांना व्यत्यय नको म्हणून तिथे उतरण्यापूर्वी फोनचे वाय-फाय आणि ब्लूटूथ बंद करावे लागते. तुमच्या यंदाच्या बेतात ते बसणार नाही.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते. मला दिसणारे मार्ग दोन आहेत आणि त्यांतला एकही ‘बेत सोडा’ किंवा ‘एकटीने जा’ असा नाही.

डिसेंबरच्या तारखा मुलाच्या सुट्टीमुळे हलणार नसतील, तर ट्रॉम्सोला जा. पतींचा हट्ट मोडवत नाही म्हणून नव्हे, तुम्हाला प्रकाश पाहायचा आहे आणि तो पाहण्याची जागा तीच आहे म्हणून जा. तिथेही त्या दिवसांत सूर्य उगवत नाही, पण दुपारी काही तास निळसर संधिप्रकाश असतो, डोंगर आणि समुद्र दिसतात, विद्यापीठ रुग्णालय गावातच आहे आणि सबंध प्रवास शेंगेनमध्ये राहत असल्याने एकदाच प्रवेश देणारा व्हिसाही पुरतो. मुक्काम किमान चार रात्रींचा ठेवा. किनाऱ्यावर ढग फार असतात आणि ढगांपुढे कोणाचे चालत नाही. निरभ्र आकाशाच्या शोधात आतल्या बाजूला, प्रसंगी फिनलंडच्या हद्दीपर्यंत नेणाऱ्या गाड्या संध्याकाळी सुटतात, त्यांतली एखादी पहिल्याच रात्रीची घ्या, म्हणजे हुकली तर पुढच्या रात्री हाताशी राहतात.

आणि टोकच तुम्हाला खुणावत असेल, असे पत्राच्या ओळींमधून मला वाटले, तर प्रवास मार्चच्या दुसऱ्या पंधरवड्यापर्यंत पुढे ढकला. तेव्हा ट्रॉम्सोत रात्री अजून पुरेशा काळ्या असतात, म्हणून आधी तिथे तीन रात्री प्रकाशासाठी ठेवा आणि मग दीड-दोन तासांच्या विमानप्रवासाने लाँगइयरब्येनला जा. तिथे दिवस बारा तासांचा झालेला असेल, बर्फ पुरता घट्ट असेल, तापमान उणे 10 ते उणे 20 च्या घरात राहील आणि तिरप्या उन्हात समोरच्या हिमनद्या दुपारभर गुलाबी दिसतील. गाव डोंगरांच्या आड असल्याने 8 मार्चच्या आसपास जुन्या रुग्णालयाच्या पायऱ्यांवर पहिले ऊन पडते, तेव्हा सगळे गाव तिथे जमून उत्सव करते आणि राहण्याच्या जागा आधीच भरलेल्या असतात, ईस्टरलाही तेच. ते आठवडे टाळा किंवा फार आधी आरक्षण करा. परतीच्या विमानानंतर लगेच दुसऱ्या दिवशी मुंबईचे विमान ठेवू नका; हवामानामुळे एखादा दिवस अडकणे तिथे नवलाचे नाही.

डॉक्टरांनी होकार दिला, तर पतींना सर्व दिवस बर्फात काढावे लागतील असेही नाही. पट्ट्यांवर चालणाऱ्या बंद, उबदार वाहनातून हिमनदीपर्यंत जाता येते, संग्रहालयात अर्धा दिवस सहज जातो आणि गावावरच्या उतारावर कोळसा वाहून नेणाऱ्या जुन्या रज्जुमार्गाचे लाकडी खांब अजून उभे आहेत, ते खिडकीतूनही दिसतात. डॉक्टरांनी नकार दिला, तर मात्र त्यांनी ट्रॉम्सोत मुलासोबत थांबावे आणि तुम्ही तीन रात्रींसाठी पुढे जाऊन यावे. जर्मनीत मागे राहिलेल्या माणसापेक्षा, दीड तासावर वाट पाहणारा माणूस कमी रुसतो. पण हे त्यांच्यासमोर निर्णय म्हणून ठेवण्याआधी त्यांना नकाशा दाखवा आणि त्यांना तिथे काय पाहावेसे वाटते, ते एकदा विचारा. तुमच्या चार पानी पत्रात दिरांचे म्हणणे आहे, एजंटाचे आहे, पतींचा नकारही आहे. त्यांची स्वतःची इच्छा कुठे आलेली नाही.

सामान बांधताना एक बारीकशी गोष्ट. लाँगइयरब्येनमध्ये खाणकामगारांच्या काळापासून दारातच बूट काढायची रीत आहे, आणि अनेक हॉटेले व संग्रहालय आजही ती पाळतात. आपल्याला उंबऱ्याबाहेर चपला काढायची सवय असल्याने त्याचे काही वाटणार नाही, फक्त मोजे चांगले, न फाटलेले आणि दोन जोड जास्तीचे न्या.